रेकॉर्ड स्पिरिटने पुसावी का? एका सल्ल्याचं परीक्षण

संशोधनाची तयारी करणाऱ्यांना सगळे एकच सांगतात: पेपर चिकित्सक नजरेने वाचा. पण ही नजर तयार कशी करायची, ते फारसं कुणी सांगत नाही. माझं मत असं की सुरुवात पेपरपासून करूच नका. रोजच्या वापरातला एखादा सल्ला घ्या आणि त्याची उलटतपासणी करा. आज मी एक असाच सल्ला घेतलाय: जुन्या रेकॉर्ड गोळा करणाऱ्यांना दिला जाणारा, रेकॉर्डची निगा राखण्याचा सल्ला.

रेकॉर्डचा छंद पुन्हा वाढला आहे आणि त्याबरोबर या सल्ल्यांच्या याद्याही. बहुतेक याद्यांमध्ये पाच गोष्टी हमखास असतात. रेकॉर्ड अल्कोहोल आणि पाण्याच्या मिश्रणाने पुसा. आडवी ठेवू नका, उभी ठेवा. एकदा वाजवलेली बाजू २४ तास पुन्हा वाजवू नका. वरून पारदर्शक प्लॅस्टिकचं कव्हर घाला. आणि स्थिर विद्युत घालवणारा ब्रश वापरा.

या याद्या खोट्या नाहीत. त्यांची अडचण वेगळी आहे. कोणत्या नमुन्यावरून आणि कोणत्या परिस्थितीत हा निष्कर्ष काढला, हे त्या सांगत नाहीत. आपण पेपरमध्ये 'मटेरियल्स अँड मेथड्स' हा भाग शोधतो, तो इथे गायब असतो.

'रेकॉर्ड' म्हणजे नेमकं काय?

पहिला सल्ला बघा. इंग्रजी याद्यांमध्ये रेकॉर्ड म्हणजे विनाइल हे गृहीतच असतं. विनाइलची एलपी १९४८ साली अमेरिकेत कोलंबिया कंपनीने बाजारात आणली. हे मुख्यतः पीव्हीसीच्या घराण्यातलं कडक प्लॅस्टिक. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये ते विरघळत नाही, त्यामुळे पातळ मिश्रणाने पटकन पुसलं तर सहसा काही बिघडत नाही.

पण त्याआधीच्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्या प्रामुख्याने लाखेच्या असायच्या. लाख, म्हणजे शेलॅक, आणि त्यात दगडाची बारीक पूड आणि काजळी. सुताराकडे चपडा पॉलिश बनवताना पाहिलं असेल तर पुढचं सांगायला नको. चपडा म्हणजे हीच लाख, आणि सुतार ती स्पिरिटमध्येच विरघळवतो. म्हणजे लाखेची तबकडी स्पिरिटने पुसणं हे साफ करणं नाहीच, तो तिच्यावरचा आवाज विरघळवून टाकण्याचा प्रकार आहे. आणि खाच एकदा गेली की परत येत नाही.

इथे कुणी म्हणेल, लाखेच्या तबकड्या १९५० च्या दशकात संपल्या, त्या कुणाकडे असणार? पाश्चात्त्य बाजारासाठी हे बरंचसं खरं आहे, भारतासाठी नाही. आपल्याकडे ७८ च्या तबकड्या १९६० च्या दशकातही निघत होत्या. बीटल्सची गाणीसुद्धा भारतात ७८ वर निघाली आणि जगभरचे संग्राहक आज ती शोधत फिरतात. त्यामुळे आजोबांच्या पेटीतली १९६२ सालची सिनेगीताची रेकॉर्ड 'एलपीच्या काळातली' असूनही लाखेची असू शकते. सन बघून पदार्थ ठरवता येत नाही. लेबलवर वेग बघा, वजन बघा, जाडी बघा. मात्र वाकवून बघू नका, लाखेची असेल तर तिथेच तुकडा पडेल.

७८ वेगाच्या काही रेकॉर्ड विनाइलच्याही होत्या. मग शंका आली तर काय करायचं? संख्याशास्त्रातल्या दोन प्रकारच्या चुका इथे आठवा. विनाइलला लाख समजलात तर फार तर थोडी धूळ शिल्लक राहील. लाखेला विनाइल समजलात तर गाणं जाईल. दोन चुकांची किंमत सारखी नसते, म्हणून शंका असेल तेव्हा ती लाखच समजा. डिस्टिल्ड वॉटर, त्यात सौम्य डिटर्जंटचा अगदी एखादा थेंब, मऊ कापड, आणि पुसायचं ते खाचेच्या दिशेने, गोल. नंतर नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने पुन्हा पुसून लगेच कोरडी करा. भिजत घालायची नाही, लेबलला पाणी लागू द्यायचं नाही, तडा गेलेली असेल तर ओली करायचीच नाही.

निष्कर्ष बरोबर, कारण चुकीचं

दुसरा सल्ला, उभं ठेवण्याचा. कारण असं देतात की वरच्या रेकॉर्डच्या वजनाने खालच्या वाकतात. हिशोब करून बघू. कव्हरसकट एक एलपी साधारण पाव किलो धरा. ५० रेकॉर्डची चळत म्हणजे साडेबारा किलो, म्हणजे सुमारे १२२ न्यूटन. १२ इंची रेकॉर्डचं क्षेत्रफळ साधारण ०.०७ चौरस मीटर. सर्वांत खालच्या रेकॉर्डवरचा दाब आला सुमारे १.७ किलोपास्कल, वातावरणाच्या दाबाच्या दोन टक्क्यांहूनही कमी. एवढा दाब सगळीकडे सारखा असेल तर सपाट पृष्ठभागावर ठेवलेली रेकॉर्ड का वाकेल?

खरी मेख 'सारखा' या शब्दात आहे. अनेक एलपी मधल्या लेबलपाशी आणि कडेला जाड असतात. चळतीत ७, १० आणि १२ इंची रेकॉर्ड मिसळलेल्या असतात. मध्ये धुळीचे खडे असतात. मग भार ठरावीक जागीच पडतो, आणि कमी भारही वर्षानुवर्षं राहिला तर प्लॅस्टिक हळूहळू सरकतं. लाख ठिसूळ, ती सरकत नाही, मोडते. म्हणजे सल्ला योग्यच आहे. पण खरं कारण कळलं की यादीत नसलेली गोष्टही कळते: उभ्या ठेवलेल्या रेकॉर्ड एका बाजूला कलल्या तर पुन्हा तोच असमान भार. म्हणून त्या सरळ उभ्या हव्यात, आकारानुसार वेगळ्या, आणि मध्ये आधार देऊन. कारण तपासण्याचा हा फायदा. नुसता निष्कर्ष पाठ केला तर तो तेवढ्याच प्रसंगाला उपयोगी पडतो.

२४ तासांचा दावा

तिसरा सल्ला ऐकायला सर्वांत शास्त्रीय वाटतो: सुईच्या दाबाने प्लॅस्टिक दबतं, त्याला पूर्ववत व्हायला २४ तास लागतात. आता आकडे बघा. एलपीच्या बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर वेगाने सरकते. सुईचा स्पर्श १० मायक्रॉन लांबीचा धरला तर एका बिंदूवर सुई फक्त २० मायक्रोसेकंद असते. यावरून दावा लगेच खोटा ठरत नाही, कारण स्पर्शाचं क्षेत्र इतकं लहान असतं की तिथला दाब प्रचंड असतो. पण नेमके २४ तासच का? १ तास का नाही, ३ दिवस का नाही?

असा गोल आकडा दिसला की स्वतःला विचारा: हे तपासायला मी प्रयोग कसा मांडला असता? एकाच छपाईच्या दोन नव्या प्रती, तीच सुई, तोच भार. एक प्रत लागोपाठ ५० वेळा वाजवायची, दुसरी रोज एकदा अशी ५० वेळा, आणि दोन्हींची विकृती मोजायची. हा सल्ला देणाऱ्या यादीत असं मोजमाप दिलंय का, ते बघा. नसेल तर त्याला 'ऐकीव' या रकान्यात टाका. खोटा म्हणू नका, सिद्धही म्हणू नका.

उरलेले दोन पटकन. पारदर्शक कव्हर मऊ पीव्हीसीचं असेल तर त्यातला प्लॅस्टिक मऊ ठेवणारा पदार्थ रेकॉर्डवर उतरून धूसर डाग पडू शकतात, पॉलिथिन किंवा पॉलिप्रोपिलिन बरं. आणि स्थिर विद्युत हा कोरड्या हवेचा प्रश्न. विदर्भातल्या उन्हाळ्यात ब्रश कामाला येईल, पण जुलैमध्ये रत्नागिरीत खरी शत्रू बुरशी आहे. तिथे ओल धरणारी कागदी पाकिटं बदलणं आणि कपाटात हवा खेळती ठेवणं जास्त महत्त्वाचं.

चांगला सल्ला कसा असतो?

तुलनेसाठी १९५९ सालचा पिकेट आणि लेमको यांचा अहवाल सांगतो. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने तो प्रसिद्ध केला. त्यांनी पहिलीच गोष्ट अशी केली की 'रेकॉर्ड' हा एक गट मानला नाही. अॅसिटेट, लाख, विनाइल आणि चुंबकीय टेप यांचा स्वतंत्र विचार केला. त्यालाही मर्यादा आहेत. तो ग्रंथालयातल्या साठवणीसाठी आहे, रोज रेकॉर्ड वाजवणाऱ्या घरासाठी नाही. पण ही मर्यादा आपल्याला दिसते, कारण अहवाल आपली व्याप्ती उघडपणे सांगतो. चांगल्या संशोधनाला प्रश्न विचारता येतात, ते यामुळेच.

हा सगळा खटाटोप कशासाठी? बालगंधर्व, हिराबाई बडोदेकर यांचं ऐन उमेदीतलं गाणं लाखेच्या तबकड्यांवर, बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं, असं उतरलेलं आहे. त्यातलं बरंच काही खाजगी संग्राहकांनी जपलं. १९९० साली मुंबईत सुरू झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्ससारख्या संस्थेने अशा मंडळींना एकत्र आणलं. आता त्या पेट्या पुढच्या पिढीच्या हातात येतायत, आणि ही पिढी आधी मोबाइलवर 'रेकॉर्ड कशी साफ करावी' असं शोधणार. पहिलं उत्तर अल्कोहोलचं मिळालं तर?

तुमच्यासाठी या आठवड्याचा अभ्यास. तुमच्या विषयातला कोणताही एक 'सर्वमान्य' सल्ला घ्या. बफर किती दिवस टिकतो, नमुना कोणत्या तापमानाला ठेवायचा, काहीही चालेल. त्याखाली चार ओळी लिहा: हे कोणत्या पदार्थावर पाहिलं, कोणत्या परिस्थितीत, कसं मोजलं, आणि माझा पदार्थ व परिस्थिती तीच आहे का. चौथी ओळ रिकामी राहिली तर प्रयोग सुरू करायच्या आधी गाइडशी बोला.