पीटरची आई पोळी करते की चपाती?

एझ्रा जॅक कीट्सचं ‘द स्नोई डे’ हे चित्रपुस्तक १९६२ साली अमेरिकेत आलं. पीटर नावाचा छोटा मुलगा सकाळी उठतो, बाहेर बर्फ पडलेला दिसतो, मग लाल कपडे चढवून तो दिवसभर बर्फात खेळतो. गोष्ट एवढीच. पीटर कृष्णवर्णीय आहे, पण ते फक्त चित्रांत दिसतं. मजकुरात त्याबद्दल एक शब्द नाही. पुढच्याच वर्षी पुस्तकाला कॅल्डेकॉट पदक मिळालं.

यात विशेष काय, हे कळायला एक आकडा पुरे. १९६२ ते ६४ या तीन वर्षांत तिथे निघालेली मुलांची ५,२०६ पुस्तकं नॅन्सी लॅरिक यांनी तपासली. निदान एक कृष्णवर्णीय व्यक्ती असलेली पुस्तकं निघाली ३४९. म्हणजे शंभरात सातसुद्धा नाहीत. अशा काळात पीटर कुणाला धडा न देता, कुणाची दया न मागता नुसता खेळत होता.

मजकुरात रंगाचा उल्लेख नाही, म्हणून पुस्तकावर टीकाही झाली. मला इथे कीट्सची बाजू पटते. खेळणाऱ्या मुलाच्या डोक्यात त्या वेळी बर्फच असणार.

पण ही युक्ती मराठीत जशीच्या तशी चालेल असं मला वाटत नाही. ‘चित्रांत सगळ्या प्रकारची मुलं दाखवा, गोष्टीत जात-धर्म कशाला आणता?’ असं म्हणणारे आपल्याकडे भेटतात. अडचण अशी, की चित्र गप्प राहू शकतं, मराठी वाक्य राहू शकत नाही. मूल ‘आई’ म्हणतं, ‘आये’, ‘माय’ की ‘अम्मी’, यावरून घराचा अंदाज येतो. ताटात पोळी आहे, चपाती आहे की भाकरी, यावरूनही येतो. आपण जिला ‘साधी, सगळ्यांची’ मराठी म्हणतो, तीही कुठल्या तरी घरातूनच आलेली असते. मग चित्रकाराने मुलाला सावळं केलं, डोक्यावर गोल टोपी दिली, तरी तोंडात शब्द त्याच एका घरातले असतील, तर फक्त रंगकाम बदललं.

महाश्वेता देवींच्या ‘द व्हाय-व्हाय गर्ल’मधली मोयना आठवून बघा. ही शबर समाजातली मुलगी बकऱ्या राखते आणि दिवसभर ‘का?’ विचारत राहते. बाबूंच्या घरचं उरलेलं मी का खायचं, हाही तिचा प्रश्न आहे. भेदभावावर भाषण न देता तिचं सगळं जगणं त्या एका प्रश्नात येतं. चित्रं झाकून नुसतं वाचलं, तरी मोयना मोयनाच राहते.

लहान मुलांसाठी पुस्तक घेताना तुम्हीही हे करून बघा. चित्रांवर हात ठेवा आणि मोठ्याने वाचा. कुणाचं घर ऐकू येतं? आणि दुकानातल्या पुढच्या दहा पुस्तकांत तेच घर ऐकू येतं का? कारण आपल्या घरातला शब्द पुस्तकात कधीच भेटला नाही, तर चार वर्षांचं मूल लेखकाला जाब विचारत नाही. आपल्याच घरात चुकीचं बोलतात, असं ते धरून चालतं.