यंत्राचे आभार

दिवाळीची पहाट पूर्वी पायाखाली कारिट फुटल्यावर होत असे. हल्ली ती उशाशी ठेवलेल्या फोनच्या किणकिणाटाने होते. अभ्यंगस्नान व्हायच्या आत पन्नास-साठ पणत्या, तितकेच आकाशकंदील आणि जोडलेल्या हातांच्या जोड्या येऊन पडलेल्या असतात. आपणही एकाची पणती दुसऱ्याला, दुसऱ्याची तिसऱ्याला पाठवून मोकळे होतो. फराळाचे ताट शेजारी पाठवताना निदान त्यावरचा रुमाल आपल्या घरचा असे, आणि शेजारीण ते ताट रिकामे परत करीत नसे. या घाऊक देवघेवीला नावे ठेवण्यासाठी मी लेखणी उचललेली नाही. ती करणाऱ्यांत मीही आहे. पण या गोंगाटात मला एक जुनी गोष्ट आठवली. ती काढून पुन्हा वाचली, आणि आजवर आपण तिचे कौतुक चुकीच्या कारणासाठी करीत आलो असे वाटू लागले. ते वाटणे वाचकांपुढे ठेवतो.

गोष्ट ई. एम. फॉर्स्टर या इंग्रज लेखकाची. ‘ए पॅसेज टु इंडिया’ या १९२४ सालच्या कादंबरीमुळे त्यांचे नाव आपल्याकडे परिचयाचे आहे. ‘द मशीन स्टॉप्स’ ही त्यांची दीर्घकथा त्याच्या पंधरा वर्षे आधीची, म्हणजे १९०९ सालची. त्याच वर्षीच्या जुलैत ब्लेरिओने विमानातून इंग्लिश खाडी ओलांडली होती. आकाशवाणीचे कार्यक्रम घरोघर ऐकू यायला अजून अवकाश होता, आणि दूरचित्रवाणी तर कोणाच्या गावीही नव्हती. अशा काळात फॉर्स्टरने पुढचे जग रंगवले, ते असे.

माणसे जमिनीखाली राहतात. प्रत्येकाला मधमाशीच्या घरासारखी एक खोली. बटण दाबले की त्यात जेवण येते, अंथरूण येते, स्नानाचा हौद वर येतो, संगीत वाजते. वश्ती नावाची एक बाई अशा खोलीत बसून हजारो लोकांना ओळखते आणि घरबसल्या त्यांना व्याख्याने देते. तीन मिनिटे जगाशी संबंध तोडला, की पुन्हा जोडताच प्रश्नांचा भडिमार होतो : नवीन जेवण कसे आहे? अलीकडे काही कल्पना सुचली का? तिचा मुलगा कूनो पृथ्वीच्या दुसऱ्या अर्ध्यात राहतो. हातातल्या निळ्या तबकडीवर तिला त्याचा चेहरा दिसतो. एके दिवशी तो म्हणतो, मला तू यंत्रातून नको, समोर हवीस. आईला हा हट्ट असभ्य वाटतो.

२०२० साली टाळेबंदीत आपण सारे खोल्यांत बसलो, तेव्हा अनेकांना ही कथा आठवली. फॉर्स्टरने शंभर वर्षांआधी सारे ओळखले होते म्हणून त्याची पाठ थोपटण्यात आली. मला ही पाठथोपटणी कथेवर अन्यायच वाटते. भाकीत खरे ठरले म्हणून गोष्ट मोठी होत असेल, तर पंचांगकर्त्यांनाही साहित्यिक म्हणावे लागेल. ही कथा एच. जी. वेल्स यांनी रंगवलेल्या एका स्वर्गाला उत्तर म्हणून आपण लिहिली, असे स्वतः फॉर्स्टरने पुढे सांगितले. म्हणजे भविष्य वर्तवण्यापेक्षा त्याला एक वाद घालायचा होता. तो वाद कशाबद्दल आहे, हे मला कथेतल्या एका लहानशा प्रसंगात सापडते.

वश्ती अखेर मुलाला भेटायला हवाई जहाजातून निघते. खिडकीतून ऊन अंगावर येते. ती बाजूला होताना तिचा तोल जातो. जहाजावरची सेविका तिला सावरायला हात पुढे करते. वश्ती संतापते. माणसाने माणसाला शिवण्याची रीत त्या जगात उरलेली नाही. आणि मग ती सेविका चक्क क्षमा मागते, पडू दिले नाही म्हणून! एरवी जिथे आभाराचा शब्द यावा, तिथे मदत करणाऱ्यानेच दिलगिरी व्यक्त करायची. सगळ्या कथेत यासारखी बोचणारी जागा दुसरी नाही. निळी तबकडी, बोलणाऱ्या नळ्या, आपोआप येणारे अंथरूण हा देखावा आहे. गोष्ट आहे ती या नाकारलेल्या हाताची.

या जगात आभार मानणे बंद पडलेले नाही. उलट तिथे त्याचा सुकाळ आहे. फक्त ते माणसांकडून निघून यंत्राकडे गेले आहेत. कोणत्या अडचणीत कोणते बटण दाबावे हे सांगणारे एक पुस्तक प्रत्येकापाशी असते. वश्ती आधी ओशाळत, चोरून त्या पुस्तकाचे चुंबन घेते. कथेच्या तिसऱ्या भागात ओशाळणे संपते आणि उघड पूजा सुरू होते. यंत्र आम्हाला खाऊ घालते, निवारा देते, त्याच्यामुळेच आम्ही एकमेकांना दिसतो, अशी स्तोत्रे चालतात. हे यंत्र माणसांनीच केले, हे तेवढे विस्मरणात जाते. आणि फॉर्स्टर एक गोष्ट सांगून ठेवतो : आपापला तुकडा सांभाळणारे पुष्कळ आहेत, पण सबंध यंत्र समजणारा एकही मनुष्य उरलेला नाही.

इथे आपल्या भाषेतला एक शब्द मदतीला येतो. ‘कृतज्ञ’ म्हणजे नम्र नव्हे की गोडबोल्या नव्हे. कृत म्हणजे केलेले, आणि ज्ञ म्हणजे जाणणारा. आपल्यासाठी कोणी काय केले हे ज्याला ठाऊक आहे, तो कृतज्ञ. म्हणजे कृतज्ञता हे आधी एक ज्ञान आहे. भावना तिच्या मागून येते. फॉर्स्टरच्या माणसांची भावना शाबूत आहे. त्यांचे डोळे भरून येतात, ओठ पुटपुटतात. गेले आहे ते ज्ञान. कोणी केले हे न जाणता मानलेले आभार शेवटी भीतीच्या घरी पाणी भरतात. म्हणूनच यंत्र बिघडू लागते, संगीतात उसासे येतात, स्नानाच्या पाण्याला दुर्गंधी येते, तेव्हा ती माणसे तक्रारी करतात, मग सवय करून घेतात, आणि अखेर अंधारात प्रार्थना करीत मरतात. दुरुस्त करायचे कोणी आणि कसे, हे जाणणारा कोणी नसतो.

कोणी म्हणेल, यंत्राची पूजा तर आपणही करतो. खंडेनवमीला लेथवर फुले वाहतो, दसऱ्याला मालमोटारीला झेंडूचा हार घालतो. मग वश्तीला हसण्याचा आपल्याला काय अधिकार? मला यात फरक दिसतो. कारखान्यातला कामगार खंडेनवमीला आधी यंत्र पुसतो, तेलपाणी करतो, भुसा झाडतो, आणि मग हळद-कुंकू लावतो. कोणता पट्टा सैल आहे हे त्याला ठाऊक असते. त्याच्या पूजेत ओळख आहे. वश्ती यंत्राची पूजा करीत नाही. ती यंत्राच्या माहितीपुस्तकाची पूजा करते. आपल्या खिशातल्या फोनपुढे आपण यांपैकी कोण आहोत, हे ज्याने त्याने ठरवावे. माझ्यापुरते उत्तर मला फारसे आवडले नाही.

इतके सांगितल्यावर कथेतला दोषही सांगितला पाहिजे, नाहीतर ही समीक्षा न होता आरती होईल. अकृतज्ञ जगाची ही कथा स्वतःही काही प्रमाणात अकृतज्ञ आहे. तिच्यात यंत्र चालवणारा माणूस दिसतच नाही. दुरुस्तीची एक समिती आहे, ती तक्रारी ऐकते. दुरुस्तीचे एक साधन आहे, ते किड्यांसारखे सळसळत येऊन कूनोला जमिनीवरून खाली ओढते. पण हात काळे झालेला, पाना घेऊन वाकलेला एकही गडी सबंध कथेत भेटत नाही. काम करताना दिसते ती एकटी जहाजावरची सेविका. तिला नावही नाही. तिच्या डोळ्यांनी एक पान जरी लिहिले असते तरी कथेला दुसरी बाजू मिळाली असती. तीस वर्षांच्या फॉर्स्टरला ते सुचले नाही.

पण नशिबाने त्याच्यावर नंतर एक गमतीचा सूड उगवला, आणि तो मराठी दरबारात उगवला. १९२१ साली फॉर्स्टर माळव्यात थोरल्या पातीच्या देवासला तुकोजीराव पवार महाराजांचा खाजगी चिटणीस म्हणून येऊन राहिला. त्याच्याकडे कामे आली ती बागा, टेनिसची मैदाने, अतिथिगृह, मोटारी आणि वीजघर यांची! ‘यंत्र थांबते’ म्हणून गोष्ट लिहिणाऱ्याला, चालायलाच तयार नसलेल्या यंत्रांचा कारभार पाहावा लागला. राजवाड्यातले पियानोसुद्धा कोरड्या हवेने तडकून मुके झाले होते. त्याच देवासला त्याने गोकुळाष्टमीचा उत्सव पाहिला : गर्दी, घाम, टाळ, गुलाल, अनवाणी पाय, आणि सर्वांबरोबर नाचणारे महाराज. त्याच्या इंग्रजी रुचीला तो पसारा गबाळा वाटला, पण विसरता आला नाही. ‘ए पॅसेज टु इंडिया’च्या शेवटच्या भागात तो उत्सव उतरला आहे. तिथे तुकारामाच्या नावाचा गजर चालू असताना प्राध्यापक गोडबोले नाचतात, आणि त्यांना ध्यानीमनी नसताना एक परकी म्हातारी बाई आठवते. तिच्याशी त्यांचा फारसा संबंधही आलेला नसतो. वश्तीच्या हजारो ओळखींच्या शेजारी ही एक आठवण ठेवून पाहावी, म्हणजे मधल्या काळात लेखक कुठून कुठे आला ते कळते.

हा बदल त्याला फुकट मिळाला नाही. एका निबंधात त्याने सांगितले आहे, की भारतीय मित्राबरोबर आठवडाभर प्रवास करून निरोप घेताना मित्र शोकाकुल झाला. फॉर्स्टरला वाटले, महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा भेटायचेच आहे, तर एवढ्याशा कारणासाठी एवढे दुःख कशाला? पुढे भेट झाल्यावर त्याने मित्राला तसे सुनावले. मित्र उसळून म्हणाला, भावना काय बटाट्यासारख्या तोलून द्यायच्या असतात? फॉर्स्टर हा प्रश्न विसरला नाही. जोडलेल्या हातांचे चित्र एक पाठवावे की तीन, असा विचार करताना मला ते बटाटे आठवतात.

फॉर्स्टरने आपली देणी फेडली, पण सावकाश. देवासचे महाराज १९३७ साली पाँडिचेरीला वारले. त्यांच्यावरचे ‘द हिल ऑफ देवी’ हे पुस्तक १९५३ साली आले. १८८७ साली मेरिअन थॉर्न्टन या त्याच्या आजीच्या बहिणीने त्याच्या नावे आठ हजार पौंड ठेवले होते. त्या पैशामुळेच आपल्याला शिकता आले, हिंडता आले, लिहिता आले, हे त्याने तिच्या चरित्रात मोकळेपणाने मान्य केले. ते चरित्र निघाले १९५६ साली, म्हणजे एकोणसत्तर वर्षांनी. तत्काळ उत्तर न दिल्यास आपण ज्याला उद्धट म्हणू, असा हा मनुष्य! पण कोणी काय केले हे जाणून घ्यायला कधी कधी एवढा वेळ लागतो.

आणखी एक गोष्ट त्याच्याच कथेविरुद्ध साक्ष देते. तबकडीतून चेहऱ्याची बारीक छटा येत नाही, जशी नकली द्राक्षावर खऱ्या द्राक्षाची पुसट झाक नसते, असे त्याने १९०९ साली लिहिले. आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हाच गृहस्थ बी. बी. सी.च्या यंत्रापुढे बसून, न दिसणाऱ्या भारतीय श्रोत्यांशी पुस्तकांविषयी बोलत होता. म्हणजे दुरून आलेला आवाज अगदीच निर्जीव नसतो, हे त्याने स्वतःच्या वागण्याने कबूल केले.

आमच्या मजल्यावर एक आजी राहतात. त्यांचे भाऊ परदेशात असतात. गेली काही वर्षे त्या भाऊबीजेला फोन तांब्याला टेकवून उभा करतात आणि त्याच्यापुढे निरांजन ओवाळतात. काचेवर पडलेल्या ज्योतीच्या प्रतिबिंबात भावाचा चेहरा धड दिसतही नाही. फॉर्स्टरच्या कथेप्रमाणे हे ओवाळणे खोटे ठरायला हवे. मला ते खोटे म्हणवत नाही. मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर समुद्रतळावरून आलेल्या केबली जमिनीवर चढतात. त्या कोणीतरी टाकल्या, कोणीतरी जोडल्या, ऐन दिवाळीतही कोणीतरी त्यांच्यावर लक्ष ठेवून जागा आहे. त्या सर्वांची नावे आजींना माहीत असणे शक्य नाही, आणि आपल्यालाही नाही.

पण ओवाळणे झाल्यावर त्या एक गोष्ट न चुकता करतात. खालच्या मजल्यावरचा जो मुलगा येऊन त्यांना फोन लावून देतो, त्याला थांबवून घेतात, आणि एक बेसनाचा लाडू बशीत न देता त्याच्या तळहातावर ठेवतात. तो संकोचून “अहो आजी, यात काय एवढं?” म्हणतो. आजी म्हणतात, “असू दे रे. तू होतास म्हणून दिसला.”