समेची वाट पाहणारे संगीत

मूकपटांच्या काळात पडद्याशेजारी बसून तबला-पेटी वाजविणाऱ्या वादकांना जो अधिकार होता, तो पुढे बोलपटांच्या भल्या थोरल्या वाद्यवृंदांनाही राहिला नाही. पडद्यावरचा पाठलाग पाहता पाहता ते लय चढवीत, प्रेक्षागृहाचा रंग ओळखून ठेका लांबवीत. १९३१ साली ‘आलम आरा’ आणि पुढच्याच वर्षी ‘अयोध्येचा राजा’ आला, आणि संगीत फितीवर कायमचे उमटले. प्रसंगाची लांबी ठरलेली असल्यामुळे संगीतकाराचे कामही आखीव झाले. व्हिडिओ गेमच्या संगीतकारापुढे नेमकी उलट अडचण असते. नायक दारातून आत केव्हा जाईल, जाईल की नाही, की दारापुढेच अर्धा तास घुटमळत राहील, हे त्याला ठाऊक नसते. कारण तो नायक खेळणाऱ्याच्या बोटांनी चालतो. म्हणजे जुन्या पेटीवाल्याचे काम पुन्हा निघाले, पण पेटीवाला जागेवर नाही. त्याच्या आसनावर यंत्र आहे, आणि केव्हा काय वाजवावे हे त्या यंत्राला आधीच शिकवून ठेवणे हा रचनेचाच एक भाग झाला आहे.

आपल्या मंडळांच्या बैठकींत या संगीताचा विषय सहसा निघत नाही. नातवंडांच्या खोलीतून येणारा गोंगाट म्हणून आपण दार लोटून घेतो. त्या गोंगाटात पुष्कळसा खरोखरच गोंगाट असतो, हेही मान्य केले पाहिजे. परंतु ज्या श्रोत्यांचा कान संगतकार आणि गायक यांच्यातील देवाणघेवाण ऐकत घडला आहे, त्यांना या प्रकाराविषयी काही बोलण्याचा अधिकार आहे असे मला वाटते.

आरंभ अगदी साधा होता. १९७८ च्या ‘स्पेस इनव्हेडर्स’ या जपानी खेळात चार उतरते खर्जस्वर पुन्हा पुन्हा वाजत. शत्रू जसजसे कमी होत तसतशी उरलेल्यांची चाल वाढे आणि तिच्याबरोबर त्या स्वरांची लयही. १९९० च्या ‘सुपर मारिओ वर्ल्ड’मध्ये कोजी कोंडो यांनी एक पाऊल पुढे टाकले. नायक योशी नामक प्राण्यावर स्वार झाला की चालू असलेल्या धुनेवर तालवाद्याची भर पडते, आणि तो उतरला की ती निघून जाते. धून मध्येच तुटत नाही. थरांच्या संगीताचे तत्त्व एवढेच: एकाच वेळी चालणारे अनेक पदर, आणि प्रसंगानुसार त्यांतील काही ऐकू येणारे, काही झाकलेले. याला जोडून दुसरी एक रीत आहे, ती म्हणजे निरनिराळे टप्पे तयार ठेवून एका टप्प्यावरून दुसऱ्यावर जाण्याची.

दुसऱ्या रीतीचा जो नमुना मला आजही सर्वांत वरचढ वाटतो तो १९९१ सालचा आहे. लुकासआर्ट्स या अमेरिकी संस्थेत मायकेल लँड आणि पीटर मॅककॉनेल यांनी ‘आयम्यूज’ नावाची व्यवस्था बांधली आणि ती ‘मंकी आयलंड २’ या खेळात प्रथम वापरली. त्यात वुडटिक नावाची, मोडक्या जहाजांच्या सांगाड्यांवर वसलेली एक वस्ती आहे. नायक तिथे हिंडत असताना एक ऐसपैस धून चालू असते. तो एखाद्या घरात शिरला की तीच धून त्या घराचा वेष घेते. वाद्ये बदलतात, स्वभाव बदलतो. बाहेर पडला की मूळ धून परत येते. यात नवल ते काय, असे कोणी म्हणेल. नवल आहे ते येण्या-जाण्यात. दार उघडल्याक्षणी संगीत उडी मारीत नाही. ते हातातला वाक्यांश पुरा करते, सोयीची जागा येईपर्यंत थांबते, आणि त्या जागेला शोभेल असा चिमुकला दुवा वाजवून नव्या रूपात प्रवेश करते. दुवा कोणता हे नायक धुनेच्या कोणत्या ठिकाणी असताना बाहेर पडला यावरून ठरते. तबलजीला गायकाचा इशारा मिळाला तरी तो आवर्तनाच्या मध्येच ठेका बदलीत नाही, समेची वाट पाहतो. यंत्राला ही वाट पाहायला शिकविली, यात त्या दोघांचे मोठेपण आहे.

हे साधले याचे एक कारण तांत्रिक होते. त्या काळी खेळातून मुद्रित वाद्यवृंद वाजत नसे. संगणकाला मिडी पद्धतीने केवळ स्वरांच्या सूचना दिलेल्या असत, आणि वाजविणे त्याचे. सूचना स्वरास्वरागणिक बदलता येतात. पुढे खेळ सीडीवर आले, नाद भरघोस झाला, खऱ्या तंतुवाद्यांची झिलई आली. पण मुद्रित फितीतला एखादा स्वर वेळेवर बदलणे तितके सोपे राहिले नाही. बोलपटांनी पेटीवाल्याला उठविले, त्याचीच ही लहानशी पुनरावृत्ती.

मग थरांच्या रीतीचा बोलबाला झाला, आणि तिच्याबरोबर एक वाईट सवयही आली. शत्रू जवळ आला की ढोल वाढवायचे, दूर गेला की काढायचे. असे संगीत नळाच्या तोटीसारखे वागते. त्याने भीती वाढत नाही, उलट खबर मिळते: शेवटचा शत्रू पडला हे डोळ्यांना दिसण्यापूर्वीच ढोल थांबल्यामुळे कानांना कळते, आणि खेळणारा निर्धास्त होतो.

२०१० च्या ‘रेड डेड रिडेम्प्शन’चे काम या सवयीपेक्षा कितीतरी विचारपूर्वक झालेले आहे. १९११ च्या सुमाराचा अमेरिका-मेक्सिको सीमाप्रदेश, आणि त्यात घोड्यावरून मोकाट हिंडणारा नायक. बिल एल्म आणि वुडी जॅक्सन यांनी वाद्यांचे असंख्य तुकडे मुद्रित केले. सारे ए मायनर या एकाच स्वरमेळात आणि मिनिटाला १३० मात्रांच्या एकाच लयीत, म्हणजे कोणताही तुकडा कोणत्याही तुकड्याशी जुळावा. घोड्यावर बसले की खर्जाची एक सुरावट येऊन मिळते. पाश्चात्त्य कानाला तासन् तास एकच स्वरमेळ हे दारिद्र्य वाटण्याचा संभव आहे. आपल्याला तसे वाटण्याचे कारण नाही. तंबोऱ्याच्या एका षड्जावर रात्र काढणारे आपण. माझी हरकत वेगळी आहे. रागातला प्रत्येक स्वरसमूह पुढच्यावर काही जबाबदारी टाकतो. एक वाट उघडतो, दुसरी बंद करतो. जो तुकडा कशाशीही जुळावा म्हणून घडविला आहे, तो कोणावर कसली जबाबदारी टाकणार? या खेळात ओसाड माळाचा भाव उत्तम उतरतो, कारण माळालाही आदि-अंत नसतो. परंतु धून म्हणून मनात काय उरते असे विचारले, तर बहुतेकांना आठवते ते नायक मेक्सिकोत प्रथम प्रवेश करतो तेव्हा लागणारे होसे गोन्झालेस यांचे ‘फार अवे’ हे गाणे. तेथे थर बाजूला ठेवले आहेत. आरंभ, मध्य आणि शेवट असलेले सरळ गाणे आहे. इतक्या कौशल्याने रचलेल्या व्यवस्थेत सर्वांत स्मरणीय क्षण त्या व्यवस्थेबाहेरचा निघावा, ही गोष्ट तिच्या कर्त्यांनाही विचार करायला लावणारी आहे.

२०१२ च्या ‘जर्नी’त ऑस्टिन विंटोरी यांनी या प्रश्नाला दिलेले उत्तर मला अधिक पटते. येथे एकच मुख्य सुरावट आहे, आणि ती चेल्लोकडे सोपविली आहे; चेल्लो म्हणजेच तो झगा पांघरलेला, वाळवंटातून डोंगराकडे निघालेला अबोल प्रवासी. बाकीचे थर प्रवाशाच्या पावलांप्रमाणे येतात-जातात, पण ते सारे या एका सुरावटीचे देणे लागतात, म्हणून सैल पडत नाहीत. शेवटाकडे बर्फात प्रवासी खचत जातो तसतसे वाद्य वाद्य गळून पडते आणि अखेर वारा उरतो. ढोल वाढवून जे साधत नाही ते येथे काढून घेण्याने साधले आहे. २०१३ च्या ग्रॅमी पुरस्कारांसाठी या संगीताला नामांकन मिळाले; दृश्यमाध्यमांच्या संगीताच्या त्या विभागात व्हिडिओ गेमला मिळालेले ते पहिलेच.

तथापि एक गोष्ट नोंदविली पाहिजे. ‘जर्नी’ सुमारे दोन तासांचा खेळ, आणि त्याची वाट बहुतांशी सरळ. खेळणारा रेंगाळेल, पण फारसा भरकटणार नाही. वुडटिकमध्ये तो एकाच दारातून दहा वेळा आत-बाहेर करू शकतो, आणि दहाही वेळा धून आपला आब राखून त्याच्या मागे जाते. म्हणून कोणाला या संगीताची ओळख करून घ्यायची असेल तर बाजारात मिळणाऱ्या ध्वनिमुद्रिकेपासून आरंभ करू नये. तीत अनेक शक्य मार्गांपैकी एकच मार्ग गोठवून ठेवलेला असतो. खेळणाऱ्या मुलाशेजारी खुर्ची ओढून बसावे, आणि त्याला त्या लाकडी वस्तीतल्या घरांतून नुसते आत-बाहेर करायला सांगावे.