भीतीचे घर

भुताचे सोंग रंगविणे सोपे. ते ज्या घरात वावरते ते घर खरे वाटावयास लावणे अवघड. झी मराठीवर २०१६ साली सुरू झालेल्या ‘रात्रीस खेळ चाले’ या मालिकेला हे साधले. सावंतवाडीनजीकच्या आकेरी गावातील जुन्या वाड्यात तिचे चित्रीकरण झाले, आणि पात्रांच्या तोंडी मालवणी आली. शेलूबाजारच्या आम्हां वऱ्हाडी प्रेक्षकांना निम्मे शब्द उमगत नसत (घरातील वडीलधाऱ्यांना तर वाक्यागणिक अर्थ सांगावा लागे). नाईकांच्या घरातील मौन मात्र उमगत होते. अण्णा नाईकांच्या मृत्यूनंतर उघडे पडते ते बापाने दडविलेले पाप आणि जमिनीपायी दुभंगलेली भावंडे. वाटणीचे कागद निघाले की आमच्याकडेही बोलणी अशीच थांबतात.

२०१९ च्या दुसऱ्या पर्वाने काळ मागे नेला आणि अण्णांनाच मध्यभागी बसविले. माधव अभ्यंकरांचा अभिनय अस्सल, यात शंका नाही. परंतु प्रेक्षकाला धाकाचीच गोडी लागली. पहिल्या पर्वातील मृत अण्णा फारसे न दिसताच अधिक भिववीत. आता माईंच्या वाट्याला केवळ सोसणे उरले, आणि आमच्या घरी मुले अण्णा-शेवंताच्या नकला करून हसू लागली.