भरतीच्या आवाहनाचें वाङ्मय

जाहिरातीस वाङ्मय म्हणावें काय, असा प्रश्न केल्यास पुष्कळ रसिकांच्या कपाळास आठ्या पडतील. परंतु जो मजकूर वाचून सतरा-अठरा वर्षांचा मुलगा आपल्या उमेदीचीं वर्षें आणि प्रसंगीं प्राणही देऊं करतो, त्याची परीक्षा कोणींच करूं नये आणि नव्या कवितासंग्रहांतील यमकांवर मात्र आम्हीं पानेंच्या पानें खर्चावींत, हा न्याय कांहीं बरा दिसत नाहीं. सैन्यभरतीचें आवाहन हा एक स्वतंत्र लेखनप्रकार आहे. त्याला स्वतःचे अलंकार आहेत, ठरलेला रस आहे, आणि इतर लेखनाप्रमाणें त्यांतही चांगलें व वाईट असा भेद करतां येतो. तो भेद कोणत्या कसोटीनें करावा, एवढाच येथें प्रश्न आहे.

मराठी वाचकास वीररसाचा परिचय मुख्यतः पोवाड्यानें करून दिला. शाहीर डफावर थाप मारून जें सांगतो तें घडून गेलेलें असतें. त्याची स्तुति ही कर्तृत्वाची पावती असते. भरतीच्या आवाहनांत रस तोच, शब्दभांडारही तेंच. पण क्रम उलटा. येथें स्तुति आधीं व कर्तृत्व मागाहून. ज्यानें अद्याप कांहींच केलेलें नाहीं त्याला वीर म्हणून हांक मारावयाची, आणि त्यानें ती पुढें सार्थ करावयाची. यांत मुळांतच वाईट असें कांहीं नाहीं. आई मुलाला शहाणा म्हणते तें तो शहाणा व्हावा म्हणूनच. परंतु शाहिराला श्रोत्याकडून बिदागीपलीकडे कांहीं नको असतें, आणि आवाहनकर्त्याला त्याची सही हवी असते. ज्या वीररसाच्या शेवटीं करारपत्र आहे त्याला काव्याची सूट देतां येत नाहीं. म्हणून त्याची कसोटी अशी: सही करण्यापूर्वीं मुलाला जें जें कळलें पाहिजे तें तें, त्याला समजेल अशा भाषेंत आणि स्तुतीइतक्याच ठळक अक्षरांत सांगितलें आहे काय?

हें आवाहन कसें वाचलें जात असेल याचा विचार करण्यास वरळी कोळीवाड्यासारखी जागा नाहीं. वरळीच्या भूशिराच्या टोंकाला, जुन्या किल्ल्याच्या आसऱ्यानें, माहीमच्या आखाताच्या तोंडावर हें गांव वसलें आहे. समोरून २००९ सालीं खुला झालेला सागरी सेतु जातो. वरळींतच नौदलाचें 'त्राता' हें ठाणें आहे. गणवेश येथें नवलाचा नाहीं. नवी आहे ती धंद्याची अनिश्चितता. किनारी रस्त्याच्या खांबांमधून होड्या सुखरूप जाव्यात म्हणून दोन खांबांत १६० मीटर अंतर ठेवावें, अशी येथील मच्छीमारांची मागणी होती. मूळ आराखड्यांत तें ६० मीटर होतें. बऱ्याच झगड्यानंतर २०२२ च्या अखेरीस १२० मीटरांवर तडजोड झाली. बापाची होडी समुद्रांत कशी जावयाची याचाच ज्या घरांत वाद चालला, त्या घरांतील बारावी झालेल्या मुलापुढें निळ्या पाण्यावर पांढऱ्या गणवेशांतील खलाशांचें चित्र आलें, तर तें त्याला परकें कसें वाटावें? समुद्र तोच आहे, आणि पगार महिन्याच्या महिन्याला आहे.

पण चित्राखालचा मजकूर वाचूं लागतांच पहिली विसंगति दिसते. चित्र समुद्राचें आहे आणि परीक्षा गणित व भौतिकशास्त्राची आहे. नौदलाच्या 'एस. एस. आर.' या प्रवेशास बारावीला हे दोन विषय लागतात. शिवाय धांव, बैठका व जोर. हें योग्यच आहे, कारण आजची युद्धनौका शिडावर चालत नाहीं. तथापि तांडेल आजोबांनीं शिकविलेलें वाऱ्याचें व भरतीओहोटीचें ज्ञान लिहावयास अर्जांत रकाना नाहीं. ज्या वारशाला चित्र साद घालतें त्याची पात्रतेच्या अटींत किंमत शून्य आहे. याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं गणित-भौतिकशास्त्र घेऊन बारावी झालेला मुलगा हा शाळा सोडून घरीं बसलेला मुलगा नव्हे. तो कॉलेजच्या दारांत उभा असलेला मुलगा आहे. तेव्हां आवाहन त्याला काय देतें याइतकाच, तें त्याला काय मागें ठेवावयास लावतें याचाही हिशेब झाला पाहिजे.

१४ जून २०२२ रोजीं जाहीर झालेल्या 'अग्निपथ' योजनेनें या हिशेबाला निराळें वळण दिलें. प्रथम नांवच पाहावें. 'अग्निपथ' हें हरिवंशराय बच्चन यांच्या एका हिंदी कवितेचें नांव. तें कवितेंतून सिनेमांत गेलें आणि आतां सरकारी दप्तरांत आलें. सैनिक तो 'अग्निवीर' आणि त्याचें संचित तो 'सेवानिधि'. सगळे शब्द भारदस्त आहेत. त्यांच्या पोटांत काय आहे तें आतां पाहूं. मुदत चार वर्षांची. २०२२ च्या जाहीर तपशिलाप्रमाणें पहिल्या वर्षीं दरमहा ३०,००० रुपये, चौथ्या वर्षीं ४०,०००. त्यांतून ३० टक्के कापले जातात, म्हणजे पहिल्या वर्षीं हातीं २१,००० पडतात. कापलेल्या रकमेइतकीच भर सरकार घालतें, आणि चार वर्षांअखेर व्याजासह सुमारें ११.७१ लाख रुपये मिळतात. पेन्शन नाहीं, ग्रॅच्युइटी नाहीं. नोकरीच्या काळांत ४८ लाखांचा विमा. मुदत संपल्यावर शंभरांतील फार तर पंचविसांना कायम सेवेंत घ्यावयाचें, उरलेल्या पंचाहत्तरांनीं घरीं जावयाचें.

हे आंकडे कोणी लपविलेले नाहींत, हें आवाहनाच्या बाजूनें प्रथम कबूल केलें पाहिजे. आमचा आक्षेप आंकड्यांवर नाहीं. शब्द आणि आंकडे यांच्यांतील अंतरावर आहे. 'सेवानिधि' म्हटलें कीं सेवेबद्दल मिळालेला निधि असाच सामान्य वाचकाचा समज होतो. प्रत्यक्षांत त्याचा जवळजवळ अर्धा भाग मुलाच्या स्वतःच्या पगारांतला असतो. 'वीर' ही पदवी जन्मभराची वाटते. चौघांतील तिघांना ती चार वर्षांनीं उतरवून ठेवावी लागते. चित्रांत मात्र चौघेही सारखेच ताठ उभे असतात. बाविसाव्या-तेविसाव्या वर्षीं परतलेला मुलगा काय करतो, याचें चित्र काढण्याचें कोणाच्या मनांत आलेलें दिसत नाहीं.

यावर सोयींची यादी पुढें केली जाते, आणि ती पोकळ नाहीं. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत परतलेल्यांसाठीं १० टक्के जागा राखून ठेवण्याचें जाहीर झालें. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठानें खास पदवी आंखली असून तींत निम्मे श्रेयांक नोकरींतील प्रशिक्षणाबद्दल धरले जातात. पण याच वयाच्या मुलासाठीं दुसरेंही एक दार आहे, आणि त्याच्याशीं तुलना केल्याविना या यादीचें मोल कळत नाहीं. खडकवासल्याच्या प्रबोधिनींतही बारावीचींच मुलें जातात. तेथें तीन वर्षांत जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवी मिळते आणि पुढें अधिकाऱ्याचें आयुष्य असतें. २०२२ पासून तेथें मुलींनाही प्रवेश मिळाला. १७ मुलींची पहिली तुकडी मे २०२५ मध्यें बाहेर पडली. एका दारांत कॉलेज आणि सैन्य यांचा मेळ घातलेला आहे, दुसऱ्या दारांत कॉलेज मागाहून टपालानें यावयाचें आहे. पहिल्या दाराची माहिती, त्याचे शिकवणीवर्ग आणि मुलाखतीचें इंग्रजी आमच्या पांढरपेशा घरांना ठाऊक असतें. कोळीवाड्यांतल्या मुलाच्या कानीं पहिल्याप्रथम दुसऱ्याच दाराची हांक पडावी आणि पहिलें दार त्याला कोणीं दाखवूंच नये, हा दोष निव्वळ सरकारी जाहिरातीचा नाहीं.

गोड शब्द आणि कोरडा करार यांच्यांतलें अंतर वाढूं दिलें म्हणजे काय होतें, हें मुंबईनें एकदां पाहिलें आहे. दुसऱ्या महायुद्धांत त्या वेळच्या रॉयल इंडियन नेव्हीचें बळ दोन हजारांच्या आंतबाहेरून पंचवीस हजारांपलीकडे नेण्यांत आलें. बिनतारी व संदेशाच्या कामाला शिकलेलीं मुलें लागत, म्हणून मॅट्रिक झालेल्यांना मुद्दाम ओढलें गेलें. त्यांतले पुष्कळ युद्धापुरतेच घेतलेले होते. कुलाब्याच्या 'तलवार' या संदेशशाळेंतील खलाशांनीं १८ फेब्रुवारी १९४६ रोजीं निकृष्ट अन्न नाकारलें, आणि थोड्याच दिवसांत ७८ जहाजें, किनाऱ्यावरचीं २० ठाणीं व सुमारें २०,००० खलाशी त्या उठावांत सामील झाले. २२ तारखेस लालबाग-परळच्या गिरण्या बंद पडल्या. गोळीबारांत शहरांतले दोनशेंहून अधिक लोक मेले. खलाशांच्या तक्रारींत अन्न होतें, गोऱ्या अधिकाऱ्यांच्या शिव्या होत्या, सेवामुक्तीनंतर पुढें काय ही चिंता होती. आणि भरतीच्या वेळीं दिलेलीं वचनें पाळलीं गेलीं नाहींत, हीही होती. 'तलवार'वरील एक तारायंत्री बी. सी. दत्त यांनीं १९७१ सालीं या उठावावर इंग्रजींत पुस्तक लिहिलें व त्याला 'म्युटिनी ऑफ द इनोसंट्स' असें नांव दिलें. त्यांतील शेवटच्या शब्दांत निरपराध आणि भाबडे असे दोन्ही अर्थ आहेत. भरतीच्या वाङ्मयावर इतकी नेमकी टीका आम्हीं अन्यत्र वाचलेली नाहीं: ज्याला भाबडा म्हणून घेतलें, त्यालाच पुढें अपराधी ठरविलें. स्वातंत्र्य आल्यावरही बडतर्फ झालेल्या या खलाशांना नौदलांत परत घेतलें गेलें नाहीं.

याच्या उलट, चांगलें आवाहन कसें असावें याचाही धडा महाराष्ट्राच्या इतिहासांत आहे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस गांधी खेडा जिल्ह्यांत बिनशर्त भरतीचा उपदेश करीत फिरत होते. त्यांना फारसा प्रतिसाद मिळाला नाहीं. टिळक भरतीच्या विरुद्ध नव्हते. १९१७ सालीं डिफेन्स फोर्समध्यें नांवें नोंदवा, असें ते तरुणांना सांगतच होते. पण १० जून १९१८ च्या मुंबईच्या युद्धपरिषदेंत ते स्वराज्याचा विषय काढूं लागतांच गव्हर्नर विलिंग्डन यांनीं त्यांना अडविलें, आणि टिळक सभा सोडून निघून गेले. पुढें त्यांनीं गांधींकडे ५०,००० रुपयांचा चेक पाठविला. हिंदी लोकांना सैन्यांत अधिकाराच्या जागा मिळतील असें वचन सरकारकडून आणा, म्हणजे महाराष्ट्रांतून ५,००० तरुण देतों. न दिले तर ही रक्कम जप्त, असा तो सौदा होता. गांधींनीं चेक परत केला. सौदा हा शब्द कित्येकांना खटकेल. आम्हांस मात्र त्यांत तरुणांविषयींचा खरा आदर दिसतो. मुलांनीं काय द्यावें हें सांगण्यापूर्वीं त्यांना काय मिळेल हें टिळक विचारीत होते, आणि शब्दाला स्वतःचे पैसे जामीन ठेवीत होते.

सैन्य म्हणजे कांहीं नोकऱ्यांची पेढी नव्हे, देशसंरक्षणांत देवघेवीचा हिशेब शोभत नाहीं, असा आक्षेप येईल. तो अगदींच टाकाऊ नाहीं. पगाराकरितां कोणी मरत नाहीं, आणि केवळ हिशेबानें उभें राहिलेलें सैन्य टिकतही नाहीं. पण निष्ठा हुकमानें अगर झगमगाटानें येत नाहीं, हेंही अनुभवानें ठरलेलें आहे. १९६२ च्या युद्धानंतर, १९६३ सालीं, कॉलेजांतील मुलांना एन. सी. सी. सक्तीची झाली, पांचच वर्षांत, १९६८ सालीं, ती पुन्हा ऐच्छिक करावी लागली. संख्या मिळवितां येते, मन मिळवावें लागतें; आणि ज्याला पूर्ण हिशेब सांगितला आहे असाच मुलगा मनानें येतो. हिशेब उघड केल्यानें कांहीं मुलें परत फिरतील, हें खरें. परंतु जीं येतील त्यांच्या येण्याला मोल राहील.

२०२२ च्या अखेरीस प्रशिक्षणास गेलेल्या पहिल्या अग्निवीरांचीं चार वर्षें २०२६ च्या अखेरीस भरतात. या आवाहनाची खरी समीक्षा त्या वेळीं परत येणारीं मुलेंच करतील. कोळीवाड्यांत वा अन्यत्र भरतीची सभा घ्यावयाची तर व्यासपीठावर गणवेशांतल्या तरुणाशेजारीं अशा परतलेल्या एकाला बसवावें. पगार, कपात व पंचवीस टक्क्यांची अट मराठींत, चित्राखालीं, चित्राइतकीच ठसठशीत छापावी. आणि मुलाबरोबर त्याच्या आईबापांनाही प्रश्न विचारूं द्यावेत. शिक्षक, डॉक्टर, वकील म्हणून ज्यांचा शब्द अशा वस्तींत मानला जातो, त्यांनीं दोन्ही दारें दाखवावींत. स्वतःच्या मुलाला जो सल्ला दिला असता तोच दुसऱ्याच्या मुलाला देण्यास आम्हां सुशिक्षितांना कोणत्याही सरकारी परवानगीची गरज नाहीं.