शिक्का कोणाचा? : केनियांतील ब्रिटिश पासपोर्ट व १९६८ चा कायदा

कागद अस्सल कीं बनावट हें ठरविण्यांत आम्हां संग्राहकांचा जितका काळ जातो, तितका अस्सल कागद मानला कां गेला नाहीं या प्रश्नांत जात नाहीं. सनद अस्सल, शिक्का अस्सल, मोर्तब जागच्या जागीं, आणि तरीही सनद घेऊन गेलेला माणूस धन्याच्या दारावरून परत फिरला, अशीं उदाहरणें आपल्या दफ्तरांत थोडीं नाहींत. प्रस्तुत लेखांत ज्या कागदाचा विचार करावयाचा आहे तो मात्र मोडी रुमालांतला नव्हे. गर्द निळ्या पुठ्ठ्याचा तो ब्रिटिश पासपोर्ट होय. १९६३ च्या अखेरीपासून नैरोबीच्या ब्रिटिश हायकमिशनरच्या कचेरींतून तो हिंदी वंशाच्या हजारों माणसांस मिळत गेला, आणि १ मार्च १९६८ रोजीं त्यांतील मुख्य हक्क लुप्त झाला. याविषयीं छापील ग्रंथांत दोन मतें आढळतात. एक पक्ष म्हणतो, ब्रिटिश सरकारनें वचन दिलें व मोडलें. दुसरा म्हणतो, वचन कधीं नव्हतेंच. कायद्यास एक भोक राहून गेलें होतें, तें बुजविलें. दुसरें मत सोईचें असल्यामुळें अधिक पसरलें आहे. तें साधनांच्या कसोटीस कितपत उतरतें, तेवढें येथें पाहूं.

प्रथम शिक्क्याचा प्रश्न. १९४८ च्या राष्ट्रीयत्वाच्या कायद्यानें विलायतेंतील व वसाहतींतील प्रजेस एकच नागरिकत्व दिलें होतें. पुढें १ जुलै १९६२ पासून कॉमनवेल्थमधून येणाऱ्यांस आळा घालणारा कायदा अमलांत आला. त्यांतून दोन प्रकारचीं माणसें मुख्यतः वगळलीं : विलायतेंत जन्मलेलीं, आणि विलायत सरकारनें दिलेला पासपोर्ट धारण करणारे नागरिक. वसाहतीच्या सरकारच्या वतीनें दिलेला पासपोर्ट या सवलतींत बसत नसे. म्हणजे नागरिकत्व दोघांचें एक, राजचिन्ह एक, आणि हक्क मात्र देणारा अधिकारी कोण यावर अवलंबून. आतां केनियाकडे वळावें. १२ डिसेंबर १९६३ रोजीं तो देश स्वतंत्र झाला. गव्हर्नर गेला, त्याच्या जागीं हायकमिशनर आला. ज्यांनीं केनियाचें नागरिकत्व घेतलें नाहीं ते ब्रिटिश नागरिकच राहिले, आणि त्यांनीं पासपोर्ट नवा करून घेतला म्हणजे त्यावर आतां खुद्द विलायत सरकारचें नांव येऊं लागलें. काल ज्यास आळा होता तो आज मोकळा झाला. आपल्याकडे सुभ्याच्या सनदेहून हुजूरची सनद श्रेष्ठ असे, तसाच हा प्रकार. फरक इतकाच कीं येथें सुभाच नाहींसा झाल्यामुळें हुजूरची सनद आपोआप हातीं आली.

भोकाची कथा येथूनच निघते. १९६७ सालीं केनियाच्या सरकारनें परकीयांच्या नोकरीवर व व्यापारावर परवान्यांचीं बंधनें घातलीं आणि हिंदी लोक विलायतेस निघाले. १९६७ मध्यें सुमारें १३,६००, आणि १९६८ च्या पहिल्या दोनच महिन्यांत सुमारें १२,८०० माणसें उतरलीं. तेव्हां डंकन सँडीज यांनीं हा ओघ थांबवावा अशी चळवळ उभारली व हा हक्क देण्याचा मूळ हेतु नव्हता असें प्रतिपादन केलें. सँडीज हे कोणी परके भाष्यकार नव्हते. केनियाच्या स्वातंत्र्याचा जो शेवटचा खल १९६३ च्या शरदांत लंडनास झाला, त्याचे अध्यक्ष तेच, आणि त्या वेळचे वसाहतमंत्रीही तेच. ज्यानें सनद लिहून दिली तोच पांच वर्षांनीं म्हणतो कीं मजकुराचा अर्थ माझ्या मनांत नव्हता. असा साक्षीदार महत्त्वाचा खरा. परंतु तो आपल्या सध्यांच्या पक्षाची बाजू मांडीत आहे हें विसरतां येत नाहीं.

त्यास उत्तर दिलें त्याच्याच पक्षाच्या इयन मॅक्लाउड यांनीं. हे पूर्वी, १९५९ ते १९६१, वसाहतमंत्री होते. १९६८ च्या फेब्रुवारींत 'स्पेक्टेटर' साप्ताहिकांत सँडीज यांस उद्देशून त्यांनीं उघड पत्र लिहिलें. आपण हें केलें, जाणूनबुजून केलें, आणि मीं दिलेला शब्द मला पाळावयाचा आहे, असा त्याचा आशय. वचनवादी ग्रंथकार या पत्रावर सर्व इमारत रचतात. तसें करणें मला घाईचें वाटतें. मॅक्लाउड यांनीं वसाहतींचें खातें १९६१ च्या आक्टोबरांत सोडलें, म्हणजे १९६२ चा कायदा होण्यापूर्वीं; आणि १९६३ च्या आक्टोबरांत ते सरकारांतूनच बाहेर पडले, म्हणजे केनियाचें स्वातंत्र्य येण्यापूर्वीं. तेव्हां १२ डिसेंबरच्या व्यवस्थेचे ते प्रत्यक्ष कर्ते नव्हेत. मात्र दुसऱ्या बाजूनें पाहतां, पत्र लिहिलें तेव्हां ते हुजूरपक्षाच्या पुढाऱ्यांपैकीं होते व त्यांचा पक्ष आळ्याच्या बाजूचा होता. स्वहिताविरुद्ध दिलेली साक्ष अधिक वजनाची, हा नियम येथें लागू पडतो.

परंतु दोन्हीं साक्षींहून वजनदार आहे तो खुद्द कायद्यांचा मजकूर. १९६२ चा कायदा व १९६३ ची केनियाची व्यवस्था शेजारीं ठेवून वाचलीं कीं निष्कर्ष एकच निघतो, व तो काढण्यास मोठा कायदेपंडित लागत नाहीं. शिवाय केनियांत गोरे वसाहतवालेही होते. त्यांस विलायतेस परतण्याचा मार्ग याच कलमानें मोकळा राहत होता, आणि त्यांच्या बाबतींत त्याला भोक म्हटल्याचें कोणीं ऐकलें नाहीं. तेव्हां माझें मत असें : ‘आम्हीं तुम्हांस घेऊं’ असा वचनाचा स्वतंत्र कागद शोधीत बसण्याचें कारण नाहीं, पासपोर्ट हाच तो कागद. वचनवाद्यांनीं मॅक्लाउडच्या पत्राऐवजीं यावर भर दिला असता तर त्यांचा पक्ष अधिक बळकट झाला असता.

आतां मजूरपक्षाकडे. १९६१ च्या नोव्हेंबरांत मूळ बिल आलें तेव्हां त्या पक्षाचे पुढारी ह्यू गेट्स्केल यांनीं त्यास क्रूर व वर्णद्वेषी ठरवून कडाडून विरोध केला. १९६३ च्या जानेवारींत ते वारले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत त्यांचे वारस हॅरॉल्ड विल्सन नियंत्रणाची गरज आपणांस नाकारावयाची नाहीं असें सांगूं लागले. १९६४ च्या निवडणुकींत स्मेथिक येथें पॅट्रिक गॉर्डन वॉकर हे परराष्ट्रमंत्री होऊं घातलेले गृहस्थ वर्णद्वेषी प्रचारापुढें पडले. निवडून आलेल्या प्रतिपक्ष्यास विल्सन यांनीं पार्लमेंटांतील महारोग्याची उपमा दिली खरी. पण १९६५ च्या आगस्टांत त्यांच्याच सरकारनें श्वेतपत्रिका काढून कामाचे परवाने वर्षास ८,५०० वर आणले. त्यापैकीं १,००० केवळ माल्टाकरितां होते. येवढा ढाळ दिसल्यावर १९६८ चें आश्चर्य वाटूं नये. १९६७ च्या नोव्हेंबरअखेर रॉय जेन्किन्स जाऊन जेम्स कॅलॅहन गृहमंत्री झाले. २२ फेब्रुवारीस बिलाची घोषणा झाली, २७ स कॉमन्स सभेंत दुसरें वाचन ३७२ विरुद्ध ६२ मतांनीं, लॉर्ड्स सभेंत रात्रभर बसून १०९ विरुद्ध ८५, आणि १ मार्चला राजसंमति. नागरिकांचा एक वर्ग आपल्याच देशाच्या दारांत अडविण्यास येवढीच मुदत पुरली.

या घाईच्या मागें काय होतें हें प्रधानमंडळाच्या कागदांवरून कळतें. तीस वर्षांच्या नियमानें ते १९९९ च्या आरंभीं खुले झाले. त्यांत कॉमनवेल्थमंत्री जॉर्ज टॉमसन यांनीं सहकाऱ्यांस स्पष्ट लिहून दिलें आहे कीं असा कायदा तत्त्वतः अयोग्य, उघड वर्णभेदाचा, व आपण ज्यासाठीं उभे आहों त्या सर्वांच्या विरुद्ध होईल. रिचर्ड क्रॉसमन यांची रोजनिशी हें दुसरें साधन. ते बिलाच्या बाजूचे. तथापि कांहीं वर्षांपूर्वीं ज्यास आपण तत्त्वद्रोह म्हटलें असतें, तेंच आतां मंडळी आपापल्या खात्यांचीं टिपणें वाचून संमत करीत आहेत, ही नोंद त्यांनीं करून ठेवली. भोक बुजविणाऱ्यास असें वाटत नाहीं. आपण काय मोडीत आहों हें ठाऊक असणाऱ्याचेंच हें लिहिणें आहे. भोकवादी पक्षानें या दोन साधनांचें समाधानकारक उत्तर दिलेलें माझ्या पाहण्यांत नाहीं.

नव्या कायद्याची युक्ति पाहण्यासारखी आहे. त्यांत वर्णाचें नांव कोठेंही नाहीं. नागरिक स्वतः, त्याचे आईबाप, किंवा आजाआजींपैकीं कोणी विलायतेंत जन्मलेला वा तेथें नागरिकत्व मिळविलेला असावा, इतकेंच म्हटलें आहे. नैरोबीच्या गोऱ्यास आजा सांपडे. जामनगरहून वा बार्देशाहून आलेल्याच्या नातवास तो कोठून सांपडणार? उरलेल्यांकरितां वर्षास १,५०० परवाने ठेवले, तेही कुटुंबप्रमुखांस; १९७१ मध्यें ते ३,००० झाले.

‘कुटुंबप्रमुख’ या एका शब्दानें घरें कशीं तुटलीं हें आजवर पुरेसें लिहिलें गेलेलें नाहीं. मुळांतच एका घरांत तीन तऱ्हेचे कागद असत. नैरोबीस जन्मलेला वसाहतींत जन्मला म्हणून नागरिक. मोंबासास जन्मलेला किनाऱ्याच्या संरक्षित पट्टींत जन्मला म्हणून केवळ संरक्षित इसम. गोमंतकीय घरांत तर बाप गोव्याचा म्हणून १९६१ पर्यंत पोर्तुगीज प्रजा, आणि मुलगा नैरोबीचा म्हणून ब्रिटिश. त्यांत ही नवी वांटणी. पुरुष विलायतेंत असल्यास बायको मागून जाई. बायको अगोदर पोंचली असल्यास नवऱ्यास तो हक्क नसे. युरोपीय मानवी हक्क आयोगापुढें गेलेल्या ३१ अर्जदारांपैकीं तिघांची तक्रार हीच होती. आयोगानें १४ डिसेंबर १९७३ रोजीं अहवाल दिला. नागरिक असलेल्या २५ जणांच्या बाबतींत, वंशावरून केलेला हा भेद मानहानिकारक वागणुकीच्या पदवीस पोंचतो असें ठरविलें. त्या तिघांच्या कौटुंबिक जीवनाचा हक्कही भंगला असें म्हटलें. संरक्षित इसम असलेले सहा जण मात्र पहिल्या निर्णयाबाहेर राहिले. मोंबासा व नैरोबी यांमधील भेद असा थेट स्ट्रासबूर्गपर्यंत गेला! हा अहवाल १९९४ पर्यंत प्रसिद्ध झाला नाहीं. वीस वर्षें निकाल बस्त्यांत बांधलेला, आणि पक्षकार हयात. पेशवाईंतील दिरंगाईस हंसणाऱ्यांनीं हें ध्यानांत घ्यावें.

या प्रकरणाचा धागा मुंबईपर्यंतही येतो. पुष्कळ ब्रिटिश नागरिक हिंदुस्थानांत येऊन परवान्याची वाट पाहत राहिले. १९६८ मध्यें आपल्या सरकारनेंही केनियाहून येणाऱ्या ब्रिटिश पासपोर्टवाल्यांस अगोदर परवाना घेण्याची अट घातली होती. जबाबदारी विलायतेची आहे हें दाखविण्यासाठीं ती असेल, पण विमानतळावर उभ्या असलेल्या माणसास दोन्हीं दारें सारखींच बंद दिसलीं असतील. पुढें मुंबईच्या ब्रिटिश प्रवेश-अधिकाऱ्याविरुद्ध एका स्त्रीचा दावा लॉर्ड्स सभेच्या न्यायपीठापर्यंत गेला. ती स्वतः ब्रिटिश नागरिक होती, परंतु कुटुंबप्रमुख नव्हे म्हणून तिला विशेष परवाना नाकारला होता. १९८३ सालीं बहुमतानें निकाल तिच्या विरुद्ध लागला.

पुढील हकीकत थोडक्यांत. १९७२ मध्यें इदी अमीननें युगांडांतील हिंदी लोकांस नव्वद दिवसांत घालवून दिलें तेव्हां हुजूरपक्षाच्या एडवर्ड हीथ सरकारनें सुमारें २८,००० माणसांस घेतलें. चार वर्षांपूर्वीं मजूरपक्षानें जें नाकारलें तें हुजूरपक्षानें केलें. पक्षांचीं नांवें पाहून या इतिहासाची मांडणी करूं जाणारा म्हणूनच फसतो. मागें राहिलेल्या व अन्य नागरिकत्व नसलेल्या लोकांस नोंदणीचा पूर्ण हक्क मिळाला तो २००२ च्या कायद्यानें, म्हणजे चौतीस वर्षांनीं.

एका अगदीं अलीकडील साधनाचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाहीं. २०१५ च्या जूनमध्यें सुएला फर्नांडिस (पुढें ब्रॅव्हरमन) यांनीं कॉमन्स सभेंतील आपल्या पहिल्या भाषणांत, १९६८ च्या फेब्रुवारींतील एका थंड सकाळीं केनियाहून एकेरी तिकिटावर हीथ्रोस उतरलेल्या आपल्या वडिलांचें चित्र काढलें. हातांतील ब्रिटिश पासपोर्टाचाही त्यांत उल्लेख आहे. वडील गोमंतकीय वंशाचे. महिना ध्यानांत घ्यावा. कांहीं आठवड्यांनीं ते निघाले असते तर आजोबा दाखवा, नाहींतर १,५०० च्या यादींत उभे राहा, असें त्यांस ऐकावें लागलें असतें. त्याच बाई २०२२ व २०२३ मध्यें गृहमंत्री असतां परदेशांतून येणाऱ्यांच्या बाबतींत अतिशय कठोर ठरल्या. यांत कोणी विसंगति पाहतील, कोणी पाहणार नाहींत. माझ्यापुरतें महत्त्व इतकेंच कीं त्या भाषणांत कुटुंबाच्या आठवणींतली तारीख कायद्याच्या तारखेशीं ताडून पाहतां येते. मौखिक परंपरेस असा आधार क्वचित् मिळतो.

असे आधार जपले जात नाहींत, ही खरी अडचण. कॅरिबियन बेटांतून आलेल्यांच्या उतरल्याच्या चिठ्ठ्या विलायतेच्या गृहखात्यानें २०१० मध्यें नष्ट केल्या, आणि २०१८ मध्यें त्याच लोकांस आपण केव्हां आलों हें सिद्ध करतां येईना. आपल्याकडे गोवा, मुंबई, कच्छ, काठेवाड येथील घरांतून पूर्व आफ्रिकेचे जुने पासपोर्ट अजून पेट्यांत सांपडतात, आणि निरुपयोगी म्हणून रद्दींत जातात. संग्राहकांनीं ते मिळवितांना फोटोचें पान तेवढें न पाहतां पासपोर्ट कोणाच्या वतीनें दिला ती ओळ, दिल्याची तारीख १२ डिसेंबर १९६३ च्या अलीकडची कीं पलीकडची, जन्मस्थळ नैरोबी कीं मोंबासा, आणि मार्च १९६८ नंतरचे शिक्के, हें सर्व नोंदवून ठेवावें. एकाच घरांतील पासपोर्ट वेगळे करून विकूं नयेत; ते एकत्र असतील तरच घर कोठें तुटलें हें वाचतां येतें.