अध्ययन-करार : करार की कबुलायत?

वैद्यकीय शिक्षणातील स्वयंनिर्देशित अध्ययनाच्या चर्चेबरोबर जी परिभाषा मराठीत येऊ लागली आहे, तीत ‘अध्ययन-करार’ हा शब्द विशेष विचारार्ह आहे. करारवाचक शब्दांची मराठीला उणीव कधीच नव्हती. कौल, कबुलायत आणि करार हे तिन्ही शब्द अरबी मुळांचे व फारसीच्या वाटेने आलेले. परंतु मराठी दप्तरांत त्यांनी आपापली निराळी जागा धरली. कौल वरून खाली येतो : सत्ता रयतेस अभय किंवा सवलत देते. कबुलायत खालून वर जाते : अटी दुसऱ्याने ठरवावयाच्या आणि त्या मान्य असल्याचे आपण लिहून द्यावयाचे. करारात मात्र दोन्ही पक्षांनी काही बोलावे व काही बांधून घ्यावे, अशी अपेक्षा असते. हा भेद रत्नागिरी जिल्ह्यास नवा नाही. १९४९ च्या कायद्याने खोती संपुष्टात येईपर्यंत खोत सरकारास जी कबुलायत लिहून देत असे, तिच्या अटी त्याने घातलेल्या नसत. विद्यार्थी ज्या कागदावर सही करतो तो या तिहींपैकी कोणता, हा प्रश्न केवळ कोशकाराचा नव्हे.

या साधनाचा पुरस्कार माल्कम नोल्स यांनी १९७५ च्या ‘सेल्फ-डायरेक्टेड लर्निंग’ या पुस्तकात व पुढे १९८६ मध्ये केवळ याच विषयाला वाहिलेल्या ग्रंथात केला. त्यांची मांडणी साधी आहे. आपण काय शिकणार, कोणत्या साधनांनी व रीतीने शिकणार, शिकल्याचा पुरावा कोणता, तो कोण व कोणत्या कसोटीने तपासणार, आणि हे सर्व केव्हापर्यंत, एवढे विद्यार्थ्याने लिहावयाचे. शिक्षकाने ते वाचून चर्चा करावयाची. या मांडणीचे खरे बळ पहिल्या रकान्यात आहे. आपल्याला काय येत नाही हे विद्यार्थ्याने स्वतः ओळखावे, आणि ती उणीव हेच करारमदाराचे मूळ असावे, असे नोल्स मानतात. प्रौढ मनुष्य स्वतःच्या गरजेतून शिकतो हा त्यांचा सिद्धांत वादातीत नाही. पण पहिला रकाना विद्यार्थ्याच्या हातून गेला की उरलेल्या रकान्यांचा अर्थही बदलतो, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

भारतात वैद्यकीय पदवीचा क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम २०१९ च्या प्रवेशवर्गापासून लागू झाला. त्यात प्रत्येक विषयाच्या क्षमता क्रमांकवार छापलेल्या असून प्रत्येकीपुढे ‘जाणतो’, ‘कसे ते जाणतो’, ‘करून दाखवितो’, ‘स्वतंत्रपणे करतो’ अशी पायरीही नोंदलेली आहे. ही पायऱ्यांची कल्पना जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये मांडलेल्या मनोऱ्यावर आधारलेली आहे. त्याच वेळच्या विनियमांत शरीररचनाशास्त्राच्या ६७५ तासांपैकी स्वयंनिर्देशित अध्ययनास ४० तास होते, शरीरक्रियाशास्त्राच्या ४९५ पैकी २५. म्हणजे शेकडा सहाच्याही आत. आणि त्या तासांतही ध्येय बहुधा छापील यादीतून उचलावयाचे. मग नोल्स यांचा पहिला रकाना आधीच भरून येतो, आणि नावाने करार असलेला कागद व्यवहारात कबुलायत होतो.

यावर असा आक्षेप येईल की, वैद्याने काय शिकावे हे विद्यार्थ्याच्या रुचीवर सोडता येत नाही. हा आक्षेप खरा आहे, आणि नोल्स यांच्या उत्साही अनुयायांनी त्याला पुरेसे उत्तर दिलेले नाही. रोग्याचे हित हा करारातील तिसरा पक्ष आहे. त्याची सही कोठेच नसते, म्हणून त्याच्या वतीने विद्यापीठाने व नियामक मंडळाने किमान अटी घालणे प्राप्तच आहे. पण किमान अट आणि अध्ययनाचे ध्येय या दोन गोष्टी एक नव्हेत. यादीतील एकच क्षमता दोन विद्यार्थ्यांना दोन निराळ्या जागी अडते, आणि ती जागा यादीला ठाऊक नसते.

रत्नागिरीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२३ मध्ये सुरू झाले. त्यापूर्वी २०१५ पासून चिपळूण तालुक्यात सावर्डे येथे वालावलकर वैद्यकीय महाविद्यालय आहे. शासकीय महाविद्यालयात शेकडा १५ जागा अखिल भारतीय कोट्यातील, म्हणून मराठी न जाणणारा विद्यार्थी वर्गात असणे स्वाभाविक आहे. आता ‘ज्वराच्या रुग्णाचा रोगेतिहास घेणे’ ही क्षमता पाहावी. आषाढात लावणीचा चिखल तुडवून आलेली बाई ‘कणकण आहे, पोटऱ्या भरून आल्यात’ असे म्हणते. पोटऱ्यांचे दुखणे दिवसभर वाकून रोप लावण्याचेही असेल आणि लेप्टोस्पायरोसिसचेही असेल. ‘कणकण’, ‘कसकस’, ‘हीव’ आणि ‘हुडहुडी’ यांतील अंतर ज्याला कळत नाही, त्याची उणीव वैद्यकाच्या ग्रंथात सापडणार नाही. ही उणीव तो स्वतः लिहील तरच करार सार्थ होईल.

ती तो कशी लिहितो, यावरही पुष्कळ अवलंबून आहे. अशा कागदांची शैली ठरून गेलेली असते : ‘रोगेतिहासाचे कौशल्य संपादन करण्यात येईल.’ कोण करणार? वाक्यात कर्ताच नाही. ऑस्टिन यांनी १९५५ च्या हार्वर्ड येथील व्याख्यानांत दाखविल्याप्रमाणे वचन देणे ही स्वतःच एक कृती आहे, आणि ती करणारा कोणी असावा लागतो. कर्त्यावाचूनचे वाक्य फार तर भाकित होईल. मराठीची सोय अशी की ‘करीन’ एवढ्या एका पदात प्रथम पुरुष आणि भविष्यकाळ दोन्ही येतात. ‘श्रावण संपण्यापूर्वी ज्वराच्या दहा रुग्णांशी दुभाष्यावाचून बोलेन, त्यांचे शब्द जसेच्या तसे उतरवून घेईन व ते परिचारिकेकडून तपासून घेईन’ हे वचन आहे. त्यात पुरावा आहे, परीक्षक आहे, मुदत आहे. आणि परीक्षक प्राध्यापक नाही, हे मुद्दाम पाहण्यासारखे आहे.

दुसरी उणीव शिक्षकाच्या बाजूची. १८७२ च्या करारविषयक कायद्याप्रमाणे, काही अपवाद वगळता, प्रतिफलावाचून करार शून्य ठरतो. अध्ययन-करार न्यायालयात जाणारा कागद नव्हे, हे उघड आहे. तरीही तुलना उद्बोधक आहे. विद्यार्थ्याच्या वचनाला शिक्षकाचे प्रतिवचन काय? आठवड्यातील कोणता तास तो देईल, लिहिलेले किती दिवसांत परत करील? हे ज्या नमुन्यात नाही त्यात शिक्षकाची सही केवळ साक्षीदाराची राहते, आणि नोंदवहीतील सह्यांच्या ओळीत आणखी एका सहीची भर पडते.

कराराची खरी मर्यादा मात्र याहून खोल आहे, आणि तिचे उदाहरण कोकणातच घडलेले आहे. डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ मध्ये महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात गेले, तेव्हा लाल विंचवाच्या दंशाने माणसे मरत होती व ग्रंथांत त्यावर निश्चित उपचार नव्हता. दंश झालेल्यांच्या उशाशी बसून त्यांनी लक्षणे टिपली, १९८२ मध्ये ती ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केली आणि पुढे प्राझोसिनचा उपचार रूढ केला. स्वयंनिर्देशित अध्ययनाचे याहून शुद्ध उदाहरण शोधावे लागेल. पण बिरवाडीस जाताना त्यांनी करार लिहिला असता, तर पहिल्या रकान्यात प्राझोसिन हे नाव येऊच शकले नसते. जे अज्ञात आहे त्याचे ध्येय म्हणून आधी नाव घेता येत नाही.

नोल्स यांना याची अगदीच जाणीव नव्हती असे नाही. करार वाटेत बदलता येतो, हे ते मान्य करतात. परंतु बदलाची मुभा देणे आणि बदलासाठी कागदावर जागा ठेवणे यांत अंतर आहे. छापील नमुन्यात जे रकाने असतात तेवढेच विद्यार्थी भरतो, हा सर्व कार्यालयीन कागदांचा अनुभव आहे. म्हणून मुदतीच्या रकान्यापुढे आणखी एक रकाना आखावा : ठरविले नव्हते, पण रुग्णाने शिकविले ते. त्यात रुग्णाचा शब्द रुग्णाच्याच बोलीत, देवनागरीत लिहिण्याची अट असावी. त्याचे इंग्रजी भाषांतर नोंदवहीसाठी नंतर करता येईल.